गावात एकच जवान



सैनिकांचं गाव म्हटलं की महाराष्ट्राला सातारा आठवतो, कोल्हापूर आठवतं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या नावापुढे लोक आजही 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर सगळे सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. अशा गावांत पेन्शनच्या कागदात काही चुकलं, तर पलीकडच्या गल्लीत निवृत्त सुभेदार असतो. अर्ज कसा लिहायचा, कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा, सोबत काय जोडायचं, हे तो ओट्यावर बसून सांगतो. नवऱ्याची बदली सियाचिनला झाली म्हणून घाबरलेल्या सुनेला धीर द्यायला तिची सासू पुरते, कारण सासूनंही आयुष्याची वीस वर्षं तशीच काढलेली असतात. सरकारी कचेरीच्या आधी तिथे गाव उभं राहतं.

आता आपल्याकडे या. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी. सातपुड्यातलं गाव म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले दहा-बारा पाडे. अशा गावातून एखादा मुलगा फौजेत जातो, फार तर दोन. बरोबरची पोरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. त्या जवानाची बायको, आई-बाप पाड्यावर राहतात, आणि त्यांना पडणारा प्रश्न त्या पाड्यावर याआधी कुणालाच पडलेला नसतो.

म्हणून आज या व्याख्यानमालेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. जिथे जवान थोडे आणि विखुरलेले असतात, तिथे ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडून आलेल्या सदस्याची त्यांच्याबद्दलची जबाबदारी जास्त असते. साताऱ्याच्या सदस्याला हे काम गाव वाटून घेतं. धडगावच्या सदस्याला ते स्वतः करावं लागतं. मतांच्या हिशेबात हे कुटुंब कुठेच बसत नाही. एका गणात, एका गटात अशी घरं किती असणार? आणि जवान स्वतः मतदानाच्या दिवशी गावात नसतो. तरी हे काम सदस्याच्या यादीत वर असायला हवं.

या भागाला लष्करी परंपरा नाही, असं कुणी म्हणेल. ते खरं नाही. १८२५ साली जेम्स औट्रमनं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. ज्या डोंगरी माणसांना इंग्रज त्याआधी फक्त लुटारू म्हणत होते, त्यांच्याच जोरावर त्यांनी पुढे घाट आणि रस्ते राखले. इंग्रजांच्याच नोकरीत राहिलेला खाज्या नाईक १८५७ च्या उठावात त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. त्यानंतर इंग्रजांनी 'लढाऊ जाती'ची यादी घट्ट केली आणि भिल्ल तिच्याबाहेर राहिले. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी घरं साताऱ्या-कोल्हापूरच्या बाजूला तयार झाली, आपल्याकडे झाली नाहीत. शौर्य इथेही होतं. बापानंतर मुलगा, काकानंतर पुतण्या अशी साखळी मात्र इथे तयार होऊ दिली गेली नाही. ती नसल्याचे परिणाम आज पाड्यावरच्या एका बाईला भोगावे लागतात, आणि मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

समजा, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथला मुलगा विसाव्या वर्षी भरती झाला. दोन वर्षांनी सुट्टीवर आला, तेव्हा समाजाच्या रीतीनं त्याचं जमलं, देज म्हणजे वधूमूल्य ठरलं, मुलगी घरी आली. आपल्याकडे अनेक घरांत लग्नाचा मोठा विधी नंतर होतो, पैसे जुळतील तेव्हा. कधी पोरंबाळं झाल्यावरही होतो. समाज तिला पहिल्या दिवसापासून त्याची बायको मानतो. फौज मात्र कागद पाहते. लग्न झालं की जवानानं युनिटला कळवायचं, युनिटनं पार्ट टू ऑर्डर काढायची, ती रेकॉर्ड ऑफिसला जायची आणि मग बायकोचं नाव सेवापुस्तकात चढायचं. मूल झालं की पुन्हा तेच. यासाठी लागतो लग्नाचा दाखला, आणि तो देण्याचा अधिकार आपल्या ग्रामपंचायतीत आहे. १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली गावचा निबंधक ग्रामसेवक असतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, पण या नोंदणीची दारं सगळ्यांना उघडी आहेत. उशीर झाला तरी थोडा दंड भरून नोंद होते.

दाखला काढला नाही तर काय होतं? पंधरा-सतरा वर्षं काहीही होत नाही. पगार येतो, सुट्ट्या येतात, घर बांधलं जातं. निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, बायकोचं नाव नसतं किंवा चुकीचं असतं. तेही बहुतेक वेळा कुणाच्या लक्षात येत नाही. तो माणूस गेला आणि कुटुंब पेन्शनसाठी ती बाई बँकेत गेली, की तिथे तिला पहिल्यांदा कळतं की सरकारच्या लेखी ती त्याची कुणीच नाही.

नावांचा घोळ वेगळाच. आधारवर सुमनबाई, शाळेच्या दाखल्यावर सुमन, युनिटच्या कागदावर हिंदी कारकुनानं लिहिलेलं तिसरंच काही. सातपुड्याच्या या अंगाला वसावे, सीमेपलीकडे गुजरातेत वसावा; एकाच कुळातल्या दोन भावांची आडनावं दोन राज्यांच्या कागदांवर वेगळी. जन्मतारखेचं तर विचारू नका. पाड्यावर जन्मलेल्या बाईची नोंदच नव्हती. शाळेत गुरुजींनी १ जून लावली, आधारच्या वेळी कुणीतरी १ जानेवारी टाकली. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तो मान आपल्या जिल्ह्याचा आहे. त्याच जिल्ह्यातल्या जवानाच्या बायकोचे तीन कागद तीन नावं सांगतात आणि ते जुळवून द्यायला कुणी बसत नाही, हे मला सहन होत नाही.

पेन्शनचा कारभार आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत गेला आहे. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा, बोटांचे ठसे जुळवायचे. ज्या बाईनं आयुष्यभर कोयता धरला, तिचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. नर्मदेकाठच्या गावांत मोबाइलला रेंज नसते. दाखला वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते, आणि ती का थांबली हे सांगणारा माणूस पाड्यावर नसतो.

त्यामुळे सदस्याचं पहिलं काम कमानीचं नाही आणि सत्काराचंही नाही. पहिलं काम वहीचं. आपल्या गटातला प्रत्येक सेवेतला जवान, प्रत्येक माजी सैनिक, प्रत्येक सैनिक-विधवा यांची पाडानिहाय वही. प्रत्येकासमोर चार प्रश्न: लग्नाची नोंद आहे का, मुलांच्या जन्माच्या नोंदी आहेत का, बायकोचं नाव सगळीकडे एकच आहे का, युनिटला कळवलं आहे का. जन्म, मृत्यू आणि विवाह या तिन्ही नोंदी गावपातळीवर होतात. म्हणजे दिल्ली किंवा पुण्याकडे बोट न दाखवता दुरुस्त करता येईल अशी ही गोष्ट आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, त्या व्यवस्थेच्या शिरोभागी जिल्हाधिकारी आहेत, तिथले कल्याण संघटक कामही करतात. पण सातपुड्याचे पाडे त्यांना कुठून माहीत असणार? ते सदस्याला माहीत असतात.

आणि हे सगळं कधी करायचं? सशस्त्र सेना ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो. त्या दिवशी निधी गोळा होतो, भाषणं होतात, आणि ते झालंच पाहिजे. पण आपला जवान डिसेंबरात घरी नसतो. तो सुट्टी राखून ठेवतो होळीसाठी. भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठीची राजवाडी होळी पेटते, तेव्हा सातपुड्यातला प्रत्येक बाहेर गेलेला माणूस परत येतो. ऊसतोडीवरून येतो, तसाच जम्मूहूनही येतो. नवरा-बायको दोघं एकाच वेळी गावात असतात असे वर्षातले तेवढेच दिवस. नोंदणीच्या अर्जावर दोघांना हजर राहावं लागतं. म्हणून ग्रामसेवकाचं रजिस्टर, आधार दुरुस्तीचं यंत्र आणि सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस, हे तिघं होळीच्या आठवड्यात मोठ्या बाजाराच्या गावी बसले पाहिजेत. हे कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं सापडणार नाही. ते इथल्या माणसालाच सुचू शकतं, आणि सदस्य हा इथला माणूस असतो.

आता व्याख्येचा प्रश्न. 'माजी सैनिक' म्हणजे भूदल, नौदल, वायुदल. आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुलं जातात सीआरपीएफमध्ये, बीएसएफमध्ये, धुळ्याच्या राज्य राखीव दलात. बंदूक तीच, घरापासूनचा दुरावा तोच. मात्र १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय दलांत भरती झालेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सैनिकांसाठीच्या दवाखान्याची ईसीएचएस योजनाही त्यांना नाही. या व्याख्या बदलणं सदस्याच्या हातात नाही. पण त्याची वही त्याची स्वतःची आहे. तिच्यात सीआरपीएफच्या जवानाची बायको आणि भूदलाच्या जवानाची बायको एकाच पानावर असावी. रेशन, शाळाप्रवेश, घरकुल, दाखले, पाड्यापर्यंतचा रस्ता, या गोष्टींत गावानं दलादलांत भेद करू नये.

मालमत्ता कराचं थोडक्यात सांगतो. २०२० पासून राज्यात माजी सैनिक आणि सैनिक-विधवांना घरपट्टीत सूट आहे. रक्कम लहान असते. तरी ज्याला ती माहीत नाही तो भरत राहतो, आणि ज्याला माहीत आहे त्याला ती मागावी लागते. ग्रामपंचायतीनं आपणहून ठराव करून ती द्यावी. यावर मी जास्त बोलत नाही.

भरतीबद्दल मात्र बोलायला हवं, कारण इथे सात-आठ वर्षांपूर्वीचं चित्र राहिलेलं नाही. पहाटे शहाद्याच्या, तळोद्याच्या रस्त्यांवर आपली मुलं धावताना दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत. डोंगरात वाढलेल्या मुलाला ते जड जात नाही, आणि आदिवासी उमेदवाराला उंचीत सवलतही आहे. पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असायची. २०२३ पासून क्रम उलटा झाला: आधी संगणकावरची परीक्षा, तीत पास झाला तरच मैदान. म्हणजे जिथे आपला मुलगा पुढे होता तो टप्पा मागे गेला, आणि जिथे तो अडतो तो पुढे आला. अलीकडे ही परीक्षा मराठीतही देता येते, हे चांगलं झालं. पण पावरी किंवा मावची बोलणाऱ्या घरातल्या मुलाला मराठीही शाळेतच भेटलेली असते, आणि माउस त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरलेला असतो. पुढे मैदानासाठी त्याला मुंबईचं भरती कार्यालय ठरवेल तिथे जावं लागतं. नंदुरबार जिल्हा त्या कार्यालयाकडे येतो. २०२२ ची अग्निवीर भरती मुंब्र्याला होती. अक्राणीचा मुलगा धडगावहून निघतो, नंदुरबारला गाडी पकडतो आणि रात्रभर जागून मैदानात उतरतो.

सदस्यांनो, व्यायामशाळेचं साहित्य वाटण्याआधी अभ्यासिका द्या. दहा संगणक, वीज, नेट, सरावाचे पेपर आणि आठवड्यातून दोनदा येणारा शिक्षक. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून पेसा कायद्याखाली आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. तीन-चार ग्रामसभांनी मिळून हे ठरवलं तर एक अभ्यासिका उभी राहते. तिथे अभ्यास केलेली जी मुलं फौजेत जाणार नाहीत, ती पोलिसांत, वनखात्यात, तलाठ्याच्या परीक्षेला बसतील. मुलींसाठीही ती तितकीच उघडी असावी.

जे गेले, त्यांतले बरेच आता परत येणार आहेत, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यातले फार तर एक चतुर्थांश पुढे कायम, बाकीच्यांना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी. पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ मध्ये भरतात. योजनेच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं आहे, ते मी इथे पुन्हा बोलत नाही. मला दिसतो तो पाड्यावर परतलेला एक पोरगा, ज्याच्या खात्यात त्या गावानं कधी पाहिली नाही एवढी रक्कम आहे. त्याच्याकडे पहिल्या आठवड्यात कोण येणार? ट्रॅक्टरचा एजंट, दामदुप्पटवाला, प्लॉटवाला, आणि उधार मागणारे नातेवाईक. सदस्यानं त्यांच्या आधी पोहोचावं. त्याच्याबरोबर बँकेत जाऊन मुदत ठेव कशी असते ते समजून घ्यावं. तो राज्य पोलिसांत किंवा राखीव दलात जाऊ शकतो का, कोणत्या जागा कधी निघतात, त्याला कोणतं प्रमाणपत्र मिळालं आहे, जात पडताळणी झाली आहे का, हे सगळं त्याच्या शेवटच्या सुट्टीतच विचारावं. नंदुरबारला पडताळणी समिती आहे. तिच्या दारात उभं राहण्याची वेळ नोकरीचा अर्ज भरताना येऊ नये.

एक प्रसंग असा आहे की त्याची तयारी कुणालाच करावीशी वाटत नाही. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीरमध्ये बांदीपोरा जिल्ह्यात हाजिन इथे झालेल्या चकमकीत वायुदलाच्या गरुड पथकाचे सार्जंट मिलिंद खैरनार यांना वीरमरण आलं. ते आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. अशा दिवशी सगळा जिल्हा रस्त्यावर येतो. नंदुरबार शहराला हुतात्म्यांची आठवण ठेवणं शिकवावं लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला इंग्रजांच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्यांचे सोबती पडले, तेव्हापासून नंदुरबारनं ती ठेवली आहे. स्मारकं व्हावीत, रस्त्यांना नावं द्यावीत.

मला काळजी आहे ती अशा कुठल्याही घरी नंतर येणाऱ्या महिन्यांची. मदतीच्या रकमा येऊ लागतात आणि घरात सासू-सासरे आणि सून यांच्यात भिंत उभी राहते. नामनिर्देशन कुणाचं, वारस कोण, पैसा कुणाच्या खात्यात, यावरून भाऊबंद कोर्टात जातात. दोन्ही बाजू दुःखात असतात आणि दोन्ही बाजूंना कुणीतरी सल्ला देत असतं. इथे सदस्यानं एका बाजूचा होऊ नये. पेन्शन कुणाची, आई-वडिलांचा वाटा कशात असतो, हे नियम लेखी मागवून दोघांपुढे वाचून दाखवावेत.

विधवेच्या पुनर्विवाहाचं तर आवर्जून सांगतो. आपल्या आदिवासी समाजात विधवेनं पुन्हा घर मांडण्याला वाईट मानत नाहीत. ही आपली मोठी गोष्ट आहे आणि शहरांनी ती आपल्याकडून घ्यावी. शौर्यपदकाचा भत्ता मात्र अनेक वर्षं एका अटीवर मिळत असे: विधवेनं लग्न करायचं तर दिराशीच. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं ती अट काढली. तरी 'दुसरं केलंस तर सगळं जाईल' असं तिला घरातलेच सांगतात, काही वेळा खरंच तसं वाटतं म्हणून आणि काही वेळा पैसा घरात राहावा म्हणून. तिला खरा नियम कुणी सांगायचा?

ब्रिटनमध्ये यावर एक सोपी युक्ती आहे. सैनिक आणि समाज यांच्यातल्या कराराला तिथे कायद्याचं पाठबळ आहे. २०२१ च्या कायद्यानं स्थानिक परिषदांवर बंधन आलं, ते नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालं: घर, शिक्षण आणि आरोग्य यांचे निर्णय घेताना सैनिकी कुटुंबाची स्थिती लक्षात घ्यायची. बदलीमुळे मुलाचा शाळेतला क्रमांक जाऊ नये, घराच्या यादीतली जागा जाऊ नये. त्यासोबत अनेक परिषदा आपल्यातल्या एका सदस्याला या कुटुंबांचा जबाबदार माणूस म्हणून नेमतात. त्याला वेगळं मानधन किंवा कचेरी हवी असं नाही. प्रश्न आला की तो कुणाकडे न्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं, एवढंच. आपल्या जिल्हा परिषदेला, प्रत्येक पंचायत समितीला आणि नगरपरिषदेला असा एक सदस्य नेमायला कुणाची परवानगी लागत नाही. सर्वसाधारण सभेतला ठराव पुरतो.

तो सदस्य कोण असावा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमध्ये अर्ध्या जागा महिलांच्या आहेत. ज्या घरचा पुरुष सीमेवर आहे, त्या घरी संध्याकाळी एखादा पुरुष सदस्य कागद विचारायला गेला तर दुसऱ्या दिवशी पाड्यावर काय बोललं जातं, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. तिला पैशाचं विचारायचं असतं, दिराबद्दल सांगायचं असतं, पुन्हा घर मांडावं का हे विचारायचं असतं. ती हे बाईशीच बोलेल. म्हणून हा ठराव करताना प्रत्येक पंचायत समितीनं आपल्या महिला सदस्याचं नाव घालावं, वही तिच्याकडे द्यावी, आणि पाड्यांवर फिरण्यासाठी वाहनाची सोय तिच्या नवऱ्याच्या नावावर न करता तिच्या स्वतःच्या नावावर करावी.